अळीच्या मानेवरचे पांढरे अंडे : मक्याच्या प्लॉटमधील परोपजीवी माशीच्या नोंदी

४ जुलै

मक्याच्या एका लहान प्लॉटवर अमेरिकन लष्करी अळीला परोपजीवी माश्या लागतात का, किती प्रमाणात लागतात आणि फवारणीचा निर्णय घेताना त्यांचा हिशेब कसा धरता येईल, हे पाहण्यासाठी आजपासून ही नोंदवही सुरू करत आहे. यामागे मागच्या हंगामातली एक चूक आहे. तेव्हा आम्ही पोंग्यातल्या, म्हणजे झाडाच्या मध्यावरच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतल्या, अळ्या हाताने वेचून साबणाच्या पाण्यात टाकत होतो. बादलीवर तरंगणाऱ्या काही अळ्यांच्या मानेवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे ठिपके दिसले होते, पण ती घाण असेल असे समजून मी लक्ष दिले नाही. ती टॅकिनिड माशीची, म्हणजे जिची पिल्ले अळीच्या अंगात वाढून तिला मारतात त्या परोपजीवी माशीची, अंडी होती हे नंतर समजले. पिकाचे काम करणारा कीटक आम्ही स्वतःच्या हाताने शत्रूबरोबर बुडवला होता, आणि किती बुडवले याची मोजदादही उरली नाही.

पद्धत अशी ठरवली आहे. दर काही दिवसांनी प्लॉटमध्ये नागमोडी चालत जाऊन पाच ठिकाणी प्रत्येकी दहा झाडे तपासायची. सापडलेली प्रत्येक अळी स्वतंत्र डबीत ठेवायची, कारण ही अळी स्वजातीयांना खाते आणि दोन अळ्या एका डबीत ठेवल्या तर सकाळी बहुधा एकच उरते. डबीला बारीक मलमलीचे झाकण, तळाशी टिपकागद, रोज ताजे कोवळे पान, आणि चिठ्ठीवर क्रमांक, तारीख, झाडाची जागा व अंगावर अंडे असल्यास त्याची जागा. प्लॉटच्या एका कडेला शेपू आणि धणे यांचा पट्टा मक्याच्या महिनाभर आधीच पेरून ठेवला आहे, म्हणजे अळी वाढू लागेल तेव्हा तो फुलोऱ्यात असेल.

शब्दांबाबत एक गोष्ट ठरवून घेते. मराठीत पतंगाच्या पिल्लालाही अळी म्हणतात आणि माशीच्या पिल्लालाही. गोंधळ टाळण्यासाठी या वहीत पीक खाणारी ती 'अळी' आणि माशीचे पिल्लू ते 'मॅगॉट' असेच लिहीन.

९ जुलै

पहिली पाहणी झाली. पन्नास झाडांपैकी चौदा झाडांवर लक्षणे होती. पानांचा हिरवा थर खरवडून काढल्याने राहिलेले पारदर्शक पापुद्रे बहुतेक झाडांवर, आणि पोंग्यातून उलगडलेल्या पानांवर एका रांगेत पडलेली भोके काही झाडांवर. डोक्यावरची उलट्या इंग्रजी वाय अक्षरासारखी खूण आणि शेपटाकडच्या खंडावर चौकोनात बसलेले चार ठिपके पाहून ओळख पक्की केली. अळ्या पहिल्या ते तिसऱ्या अवस्थेतील आहेत (कात टाकली की अळी पुढच्या अवस्थेत जाते). एकीच्याही अंगावर अंडे नाही. यावरून माश्या नाहीत असे म्हणता येणार नाही, कारण अळीच्या अंगावर मोठे अंडे चिकटवणाऱ्या माश्या साधारणपणे वाढलेली अळी पसंत करतात. नखाएवढ्याही नसलेल्या अळीत मॅगॉटचे पोट भरणार नाही.

१३ जुलै

शेपूच्या फुलांवर आज सकाळी पहिली टॅकिनिड माशी पाहिली. लांबून ती घरमाशीच वाटते, आणि म्हणूनच शेतात तिच्याकडे कोणी बघत नाही. जवळून पाहिल्यावर मात्र फरक लगेच जाणवतो. पोटावर, विशेषतः मागच्या टोकाला, उभे राठ काळे केस असतात, जणू कुणी घोड्याच्या केसांचे तुकडे टोचून ठेवले आहेत. पंख किंचित फाकलेले, छातीवर राखाडी-काळे पट्टे. भिंगातून बाजूने पाहिले की छातीच्या मागच्या टोकाशी असलेल्या त्रिकोणी ढालीच्या खाली आणखी एक फुगीर उंचवटा दिसतो. घरमाशीला तो नसतो, आणि या कुलाची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. ही माशी छत्रीसारख्या फुलोऱ्यावर चालत चालत सोंड टेकवत होती. शेपू, धणे, बडीशेप यांच्या फुलांतला मध उघडाच असतो, त्यामुळे आखूड सोंडेच्या माशीलाही तो सहज मिळतो. लांब नळीच्या फुलांचा तिला काही उपयोग नाही. मावा सोडतो तो गोड चिकटाही या माश्या चाटतात.

टॅकिनिड कुलात आतापर्यंत वर्णन झालेल्या ८,५०० हून अधिक जाती आहेत आणि ज्यांचे जीवनचक्र माहीत आहे त्या सर्व जातींची पिल्ले दुसऱ्या संधिपाद प्राण्यांच्या, बहुतांशी कीटकांच्या, शरीरात वाढतात. त्यांतही पतंगांच्या व फुलपाखरांच्या अळ्या हेच सर्वांत मोठे यजमान, म्हणजे ज्यांच्या अंगात पिल्ले वाढतात ते प्राणी. जातीपर्यंतची ओळख हे तज्ज्ञाचे काम आहे, त्यामुळे या वहीत कुलापर्यंतच नोंद करणार आहे आणि प्रत्येक प्रकारची एक माशी वाळवून चिठ्ठीसह ठेवणार आहे.

१६ जुलै

आजचा दिवस या कामातला सर्वांत महत्त्वाचा ठरला. २२ अळ्या गोळा केल्या, बहुतेक चौथ्या-पाचव्या अवस्थेतील, आणि त्यांपैकी पाच अळ्यांवर अंडी मिळाली. चार अळ्यांवर प्रत्येकी एक, आणि क्रमांक १४ वर चार.

अंडे पांढरे, लंबगोल, मिलिमीटरपेक्षा लहान, वरून घुमटासारखे आणि खालून सपाट असते. नख लावून पाहिले तरी सुटत नाही, अळीची कातडी ताणली जाते पण अंडे हलत नाही. पाचही अळ्यांवर ते डोक्याच्या लगेच मागच्या खंडांवर, मानेवर म्हणावे अशा जागी होते. त्याचे कारण अळीला हातात घेऊन पाहिल्यावर समजते. अळी अंग वळवून आपल्या पोटापर्यंत, शेपटापर्यंत जबडे पोहोचवू शकते, पण मानेच्या वरच्या बाजूपर्यंत तिचे जबडे पोहोचत नाहीत.

अंडे घालताना पाहण्याची संधीही आज मिळाली. ढगाळ हवेमुळे एक मोठी अळी पोंग्याबाहेर पानावर आली होती. माशी तिच्या मागे बोटभर अंतरावर येऊन थांबली आणि अळी सरकेल तशी सरकू लागली. अळीने दोनदा डोके झटकले, तेव्हा माशी मागे हटली पण उडून गेली नाही. तिसऱ्या वेळी तिने पोटाचे टोक स्वतःच्या पायांखालून पुढे काढले, ते दुर्बिणीच्या नळीसारखे लांब झाले, अळीच्या मानेला क्षणभर टेकले आणि माशी निघून गेली. मी भिंग खाली घेईपर्यंत अंडे तिथे होते. हे सगळे मोजून अर्ध्या मिनिटाचे काम, पण त्याआधी ती माशी त्या झाडापर्यंत आली कशी हा प्रश्न अधिक मोठा आहे. अळीने कुरतडलेले पान काही विशिष्ट वास सोडते आणि अशा वासाकडे काही टॅकिनिड माश्या ओढल्या जातात हे प्रयोगांतून दिसले आहे. ताज्या विष्ठेचा वास काही जातींना अळीचा शेवटचा पत्ता देतो. म्हणजे आपल्याला जे झाड खराब झालेले दिसते, तेच माशीला बोलावणे पाठवत असते.

तरीही अंगावर अंडे दिसणे हा परोपजीवीकरणाचा एकमेव पुरावा मानायचा नाही, हे आजच लिहून ठेवते. टॅकिनिड माश्यांच्या अंडी घालण्याच्या तऱ्हा अनेक आहेत. काही जाती आज पाहिले तसे मोठे अंडे यजमानाच्या अंगावर चिकटवतात. काही जाती धुळीच्या कणाएवढी, डोळ्यांना जेमतेम दिसणारी अंडी पानावर विखरून ठेवतात. अळी पान खाताना ती गिळते आणि ती तिच्या आतड्यात फुटतात. अशा माशीला बहुतेक अंडी वाया जाणार हे गृहीत धरून खूप अंडी घालावी लागतात. काही जाती अळीच्या विष्ठेजवळ, खोडकिडीच्या बोगद्याच्या तोंडाशी, जिवंत मॅगॉट सोडतात आणि ते स्वतः आत शिरून यजमान शोधतात. आणि काही थोड्या जातींना अळीच्या कातडीला भोक पाडून मॅगॉट थेट आत सोडता येते. यांपैकी फक्त पहिल्या तऱ्हेची खूण बाहेर राहते. म्हणून अंडे असो वा नसो, सर्व २२ अळ्या सारख्याच काळजीने वाढवणार आहे.

१८ जुलै

क्रमांक ११ च्या अळीने काल रात्री कात टाकली आणि अंडे कातीबरोबर निघून गेले. कातीवरचे अंडे उलटे करून पाहिले तर तळ अखंड होता, आत मॅगॉट तयार होते पण त्याला अळीत शिरायला वेळ मिळाला नव्हता. क्रमांक ७ नेही कात टाकली, पण त्या अंड्याच्या तळाला सुईच्या टोकाएवढे भोक आहे, म्हणजे मॅगॉट आधीच आत गेले. अंड्याच्या तळातून सरळ अळीच्या कातडीत शिरायचे, बाहेरच्या हवेत क्षणभरही यायचे नाही, अशी ही रचना आहे. ११ वाचली आणि ७ वाचली नाही, यातला फरक काही तासांचाच असावा.

२१ जुलै

तीन अळ्या गेल्या आणि दोष माझा आहे. सलग पावसात टिपकागद दोन दिवस बदलला नाही, डब्यांत ओल साठली आणि क्रमांक २, ९ व २० कुजून गेल्या. तिघींच्याही अंगावर अंडे नव्हते. त्यांतल्या २० च्या डबीत बारीक मॅगॉट वळवळत होते, आणि क्षणभर मला वाटले की ही परोपजीवीच आहे. पण ती कुजलेल्या मांसावर वाढणाऱ्या, कुबड असलेल्या बारीक माशीची पिल्ले होती, जिला मलमलीच्या कडेची फटही पुरते. अळी आधी मेली आणि माशी नंतर आली, असा क्रम असेल तर ते परोपजीवीकरण नव्हे. ही चूक नोंदवहीत सहज घुसू शकते, म्हणून आजपासून प्रत्येक डबीसाठी तीन गोष्टी वेगळ्या लिहीन: अळी शेवटची जिवंत कधी पाहिली, मृत्यूच्या वेळी अंग घट्ट होते की पातळ, आणि मॅगॉट किती व केवढे होते. झाकणांना आता रबर दुहेरी लावले आहे.

२४ जुलै

सकाळी क्रमांक ७ च्या डबीत अळी निपचित पडलेली होती. काल संध्याकाळपर्यंत ती पान खात होती, विष्ठाही नेहमीएवढीच होती. सातच्या सुमारास तिच्या पोटाच्या बाजूची कातडी आतून ढकलल्यासारखी हलू लागली, एक काळसर टोक दिसले आणि पाचेक मिनिटांत पिवळसर पांढरे, गुबगुबीत, पाय नसलेले मॅगॉट बाहेर आले. ते डबीत भराभर फिरून अंधारी, कोरडी जागा शोधू लागले, म्हणून तळाशी बोटभर भुरभुरीत माती टाकली. दहा मिनिटांत ते मातीत शिरले. दुपारी माती बाजूला करून पाहिले तेव्हा त्याचे अंग आखडून, दोन्ही टोकांना गोल असे छोट्या पिंपासारखे झाले होते. रंग आधी फिकट, संध्याकाळपर्यंत वीटकरी. उद्या तो गडद तांबूस-तपकिरी होईल. अळीची उरलेली कातडी रिकाम्या पिशवीसारखी पडली होती.

आत राहून मॅगॉट श्वास कसा घेते, हे समजून घेण्यासारखे आहे. कोणतीही परकी वस्तू शरीरात शिरली की अळीच्या रक्तातल्या पेशी तिला गुंडाळून गुदमरवण्याचा प्रयत्न करतात. अनेक टॅकिनिड जातींचे मॅगॉट याच आवरणाचा नरसाळ्यासारखा उपयोग करून घेते. नरसाळ्याचे तोंड अळीच्या कातडीला किंवा श्वासनळीला जोडलेले राहते आणि मॅगॉट शेपटाकडून त्यातून हवा घेते, तोंडाकडून अळीचे रक्त आणि चरबी खाते. महत्त्वाच्या अवयवांना ते शेवटीच हात लावते. क्रमांक ७ च्या कातडीवर मला गेले चार दिवस जो तपकिरी डाग दिसत होता, तो याच नरसाळ्याचा असावा.

माशीचा कोष आणि पतंगाचा कोष यांतला फरक इथे स्पष्ट लिहिते, कारण पुढचे काम त्यावर अवलंबून आहे. पतंगाचा कोष एका बाजूला निमुळता असतो, त्यावर पंखांचे, डोळ्यांचे आणि पायांचे आकार कोरल्यासारखे दिसतात, आणि बोटात धरला की त्याचे शेपूट हलते. माशीचा कोष दोन्हीकडे गोल, जवळजवळ गुळगुळीत असतो आणि कधीच हलत नाही. एकदा हे दोन्ही तळहातावर शेजारी ठेवले की पुन्हा चूक होत नाही.

२७ जुलै

आजच्या पाहणीत ५० पैकी १९ झाडांवर ताजे नुकसान होते. सहकाऱ्याने सरळ प्रश्न विचारला: ज्या अळीवर अंडे आहे तीही शेवटच्या दिवसापर्यंत खातेच आहे, मग तिला जिवंत ठेवून आपण काय मिळवले? हा आक्षेप पूर्णपणे खरा आहे आणि तो टाळून या माशीची बाजू घेणे अप्रामाणिकपणाचे होईल. टॅकिनिड माशी या पिढीतले नुकसान जवळजवळ थांबवत नाही. ट्रायकोग्रामा या अतिसूक्ष्म गांधीलमाशीसारखा परोपजीवी पतंगाचे अंडेच मारतो, त्यामुळे पान खाणारी अळी जन्मालाच येत नाही. माशीचा लाभ पुढच्या पिढीत दिसतो, कारण मेलेली प्रत्येक अळी म्हणजे शेकडो अंडी घालू शकणारा एक पतंग कमी आणि एक वा अधिक माश्या जास्त. म्हणून हिशेब हंगामाचा करावा लागतो, आठवड्याचा करून चालत नाही.

फवारणीबाबत बरीच चर्चा झाली. व्यापक परिणामाचे स्पर्शजन्य कीटकनाशक आज मारले तर फुलांवर फिरणाऱ्या प्रौढ माश्या आधी मरतील, पोंग्यात विष्ठेच्या आड बसलेली मोठी अळी नंतर, आणि तीही सगळी नाही. बीटी (अळ्यांना मारणाऱ्या जिवाणूचे औषध) किंवा अळीचा विषाणू प्रौढ माशीला त्रास देत नाही, हे खरे आहे; पण मॅगॉट पूर्ण वाढण्याआधी यजमान मेला तर आतले मॅगॉटही त्याच्याबरोबर संपते. म्हणून जैविक औषध वापरायचे तर ते लहान अळ्यांवर वापरावे, म्हणजे माशीने अजून हात न लावलेल्या अवस्थेत, असे आमचे मत झाले. आता प्लॉटमध्ये मोठ्या अळ्या जास्त आहेत. त्यामुळे या फेरीत फवारणी न करता हाताने वेचणी करायची, पण वेचलेल्या अळ्या न मारता मोठ्या पेट्यांत कप्प्याकप्प्याने ठेवून पाल्यावर वाढवायच्या असे ठरले. जाळीच्या भोकांतून माशी बाहेर जाईल आणि पतंग अडकेल अशी पेटी करण्याचा विचार होता. तो सोडून दिला, कारण मोठी टॅकिनिड माशी आणि लहान पतंग यांच्या जाडीत भरवसा ठेवावा एवढा फरक नाही. त्यापेक्षा कोष हाताने निवडावेत, पतंगाचे नष्ट करावेत आणि माशीचे प्लॉटच्या कडेला सावलीत मातीत पुरावेत. वेळ जास्त लागेल, पण चूक कमी होईल.

२ ऑगस्ट

पहिल्या माश्या बाहेर आल्या. क्रमांक ७ च्या कोषाचे एका टोकाचे झाकण सकाळी साडेसहाला डबीच्या झाकणासारखे उचलले गेले. नवजात माशीच्या डोक्यावर कपाळाच्या जागी एक मऊ पिशवी असते. ती फुगते, आकसते, पुन्हा फुगते आणि त्या दाबाने कोषाचे टोक फुटते. मातीतून वर येतानाही माशी हीच पिशवी फुगवत वाट करते. बाहेर आली तेव्हा तिचा रंग फिकट राखी होता, पंख चुरगळलेल्या कागदासारखे अंगाला चिकटलेले. काडीवर चढून ती स्थिर बसली आणि पंख हळूहळू पसरले. दोन तासांनी तीच माशी काळी, ताठ केसांची, चपळ झाली होती. शेपूच्या पट्ट्याजवळ डबी उघडली.

क्रमांक १४ वर चार अंडी होती. तिच्यातून दोनच मॅगॉट बाहेर पडले होते आणि आज आलेली एक माशी इतरांच्या जवळजवळ निम्म्या आकाराची आहे. एका अळीतले अन्न वाटून घ्यावे लागले की असे होते. लहान मादीची अंडी घालण्याची क्षमताही कमी राहते.

५ ऑगस्ट

१६ जुलैच्या २२ अळ्यांचा हिशेब आता जवळजवळ पूर्ण झाला आहे. दहा अळ्यांचे पतंग झाले, त्यांत कात टाकून वाचलेली ११ आहे. सहा अळ्यांमध्ये माशी निघाली: अंडी असलेल्या पाचांपैकी चार, आणि अंगावर काहीही खूण नसलेल्या दोन. या दोनपैकी एकीने तर व्यवस्थित कोषही केला होता, आणि माशीचे पिंप त्या पतंगाच्या कोषातच सापडले. दोन अळ्यांमधून बारीक परोपजीवी गांधीलमाश्यांचे रेशमी पांढरे कोष बाहेर आले. तीन कुजल्या, एक कारण न समजता मेली.

आता टक्केवारी. २२ पैकी ६ म्हणजे २७ टक्के. पण माझ्या हलगर्जीपणामुळे कुजलेल्या तीन वगळल्या तर १९ पैकी ६, म्हणजे जवळजवळ ३२ टक्के. एकाच डब्यांच्या रांगेतून दोन आकडे निघतात, म्हणून कोणत्या संख्येने भागले हे लिहिल्याशिवाय टक्केवारी लिहायची नाही असा नियम केला आहे. याहून मोठा दोष नमुना घेण्याच्या वेळेचा आहे. लहान अळ्या लवकर गोळा केल्या तर माशीला त्यांच्यापर्यंत पोहोचायची संधीच मिळालेली नसते आणि आकडा कमी येतो. फक्त मोठ्या अळ्या गोळा केल्या तर उलट होते, कारण निरोगी अळ्या कोषासाठी मातीत निघून गेलेल्या असतात आणि मॅगॉट असलेल्या काही मागे रेंगाळतात, त्यामुळे आकडा फुगतो. माझा १६ जुलैचा नमुना बहुतांशी मोठ्या अळ्यांचा होता. तेव्हा हे ३२ टक्के म्हणजे प्लॉटमधील सर्व अळ्यांचे प्रमाण नव्हे, त्या दिवशी त्या अवस्थेत सापडलेल्या अळ्यांचे आहे. एवढे सांभाळून वाचले तर हा आकडा मला महत्त्वाचा वाटतो, कारण आम्ही एकही माशी बाहेरून आणलेली नाही.

९ ऑगस्ट

क्रमांक १४ चा उरलेला दुसरा कोष माशीऐवजी एका काळ्या, जाड्या मांड्यांच्या छोट्या गांधीलमाशीने कुरतडून उघडला. कोषाला वाकडेतिकडे भोक, झाकण मात्र जागच्या जागी. परोपजीवीवरचाही परोपजीवी असतो, आणि माशीची संख्या का वाढत जात नाही याचे एक कारण तो आहे.

१४ ऑगस्ट

पावसामुळे पाहणी नाही. सहकाऱ्याने विचारले होते की या माश्या बाहेरून आणून मोठ्या संख्येने सोडता येणार नाहीत का. त्याचे उत्तर देण्यासाठी जुन्या प्रयत्नांची माहिती आज नीट जुळवली.

यशाची उदाहरणे खरोखर मोठी आहेत. फिजीमध्ये लेवुआना नावाच्या जांभळट पतंगाच्या अळीने नारळाची झाडे निष्पर्ण केली होती. १९२५ मध्ये मलायातून बेसा रेमोटा ही टॅकिनिड माशी तिथे नेली गेली आणि अगदी थोड्या काळात कीड आटोक्यात आली. कॅनडातील नोव्हा स्कोशियात युरोपातून आलेल्या विंटर मॉथ या पतंगाविरुद्ध १९५० च्या दशकात सिझेनिस अल्बिकन्स ही पानावर बारीक अंडी घालणारी माशी सोडली, तीही यशस्वी ठरली. मात्र नंतरच्या अभ्यासात असे दिसले की संख्या घटल्यावर ती घटलेलीच ठेवण्यात जमिनीतले कोष खाणाऱ्या भक्षकांचाही मोठा वाटा होता. उसाच्या खोडकिडीविरुद्ध क्युबातील लिक्सोफागा माशी कॅरिबियन बेटांवर वापरली गेली.

पण याच यादीत कॉम्प्सिल्युरा कॉन्सिनाटा ही टॅकिनिड माशी आहे. १९०६ पासून ती युरोपातून अमेरिकेच्या ईशान्य भागात जिप्सी मॉथ या पतंगाविरुद्ध आणली. जिप्सी मॉथची वर्षात एकच पिढी होते आणि या माशीच्या अनेक, त्यामुळे उरलेल्या वर्षात तिला दुसरे यजमान लागतातच. ती १८० हून अधिक जातींच्या अळ्यांवर जगते असे आढळले आहे, आणि २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने तिथल्या मोठ्या, देखण्या रेशीम-पतंगांच्या घटीशी तिचा संबंध जोडला. एकदा सोडलेली माशी परत बोलावता येत नाही. फिजीतला लेवुआना पतंगही आता नामशेष झाल्याचे मानले जाते, आणि कीड नष्ट झाली या आनंदासोबत तेही लक्षात ठेवावे असे मला वाटते.

रेशीम-उत्पादकाला तर या कुलाचे नावही नकोसे असते. उझी माशी, म्हणजे एक्झोरिस्टा बॉम्बिसिस, तुतीच्या रेशीमकिड्यावर नेमके तसेच पांढरे अंडे चिकटवते जसे मी क्रमांक ७ वर पाहिले. १९८० मध्ये ती कर्नाटकात पोहोचल्यावर तिथल्या रेशीम-संगोपनाला मोठा फटका बसला. संगोपनगृहांना जाळ्या लावणे आणि नेसोलिंक्स थायमस ही तिच्या कोषांवर वाढणारी बारीक गांधीलमाशी सोडणे, हे तिच्यावरचे उपाय आहेत. ९ ऑगस्टला माझ्या डबीतून आलेल्या गांधीलमाशीचे मला वाईट वाटले होते. रेशीम-संगोपनगृहात त्याच कामाचे स्वागत झाले असते.

संख्या वाढवून सोडण्यात आणखी एक अडचण आहे. ट्रायकोग्रामा धान्यावरील पतंगाच्या अंड्यांवर कार्डाकार्डाने वाढवता येतो. टॅकिनिड माशी वाढवायची तर आधी हजारो अळ्या वाढवाव्या लागतात, आणि एकमेकींना खाणारी अळी असेल तर एकेक करून. एक्झोरिस्टा लार्वारमसारख्या एखाद्या जातीला यजमानाशिवाय कृत्रिम खाद्यावर वाढवण्यात संशोधकांना यश आले आहे, पण आमच्यासारख्यांच्या आवाक्यातले ते काम नाही. त्यामुळे उत्तर असे दिले: आणायच्या नाहीत, आहेत त्या मरू द्यायच्या नाहीत.

२१ ऑगस्ट

फुलांच्या पट्ट्याजवळच्या पाच ओळी आणि सर्वांत दूरच्या पाच ओळी आज वेगवेगळ्या तपासल्या. जवळच्या ओळींत १८ अळ्यांपैकी सहांवर अंडी, दूरच्या ओळींत १७ पैकी चारांवर. पट्ट्याचा उपयोग होतो असे म्हणण्याची इच्छा आहे, पण एवढ्या संख्येवर दोनचा फरक योगायोगानेही पडू शकतो, आणि या माश्या एका प्लॉटच्या लांबीपेक्षा कितीतरी दूर सहज उडतात. पुढच्या हंगामात दोन दूरच्या प्लॉटांची तुलना करावी लागेल. पट्ट्यातले धणे आता बी धरू लागले आहेत, फुले जवळजवळ संपली. एकाच दिवशी सगळा पट्टा पेरणे ही नियोजनातली उणीव होती. पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने तीन टप्प्यांत पेरला असता तर आज, अळी अजून आहे तेव्हा, मधही असता.

२७ जुलैनंतर वेचलेल्या अळ्यांच्या पेट्यांतून आजवर माशीचे ३१ कोष निवडून कडेच्या मातीत पुरले. पतंगाचे कोष नष्ट केले. निवडताना एकदाही संभ्रम झाला नाही.

३० ऑगस्ट

शेवटची पाहणी. ५० पैकी ६ झाडांवर ताजे नुकसान. मका आता कणसावर आहे, पाने जून झाली आहेत, पाऊसही भरपूर झाला, त्यामुळे या घटीचे श्रेय माश्यांच्या नावावर लिहीत नाही. ज्या थोड्या अळ्या उरल्या आहेत त्या कणसाच्या टोकातून आत शिरल्या आहेत आणि तिथे अंगावर अंडे चिकटवणारी माशी पोहोचत नाही. कणसातून काढलेल्या पाच अळ्यांपैकी एकीवरही अंडे नव्हते, हे अपेक्षेप्रमाणेच झाले.

प्लॉटच्या मातीत वरच्या थरात माशीचे कोष अजून असणार, म्हणून काढणीनंतर निदान फुलांच्या पट्ट्यालगतची जागा लगेच न नांगरण्याचे ठरले आहे. शेपूचा नवा टप्पा आज पेरला. डब्यांमध्ये अजून नऊ कोष उघडायचे बाकी आहेत. ते सावलीत ठेवले आहेत, माती बोटाला गार लागेल एवढीच ओली आहे, आणि उद्यापासून सकाळी साडेसहाला व संध्याकाळी अशी दोनदा नोंद घेतली जाईल.